पहिली कबर, गोवरानं गेलेल्या पोराची

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताना तारखा आणि आकडे निसटतात अशी तुमची नेहमीची तक्रार असते, म्हणून इथं सगळं नीट लिहून ठेवलंय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, सांभाळून घ्या.

सुरुवात घरापासून करतो. माझे आजोबा फौजेत होते. सतरा वर्षं नोकरी केली आणि हवालदार म्हणून रिटायर झाले. लहानपणी मी त्यांना सारखं विचारायचो, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?" ते हसून म्हणायचे, "अरे, मी स्टोअरमध्ये होतो. बूट मोजायचो." मला फार वाईट वाटायचं. शाळेत सांगायला काही गोष्टच नाही! ते गेले ते म्हातारपणी, घरातच. गावच्या स्मशानात अग्नी दिला, त्यांच्या वेळचे दोन म्हातारे फौजी आले, काठी बाजूला ठेवून त्यांनी कडक सॅल्यूट केला आणि चहा न घेताच गेले. बस. शाळेच्या आवारात गावाचं स्मारक आहे, त्यावर लढाईत कामी आलेल्यांची नावं आहेत. आजोबांचं नाही. असायचं कारणही नाही, असंच मला वाटत होतं.

मग मागच्या वर्षी पुण्यात खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेलो. मुळा रोडवरून शंभर वेळा गेलो असेन, आत कधी शिरलो नव्हतो. दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ कबरी आहेत तिथं. पश्चिम आणि मध्य भारतात इकडंतिकडं विखुरलेल्या, ज्यांची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, अशा कबरी एका जागी आणून ही दफनभूमी केली. आत सगळे दगड एकाच मापाचे. अधिकाऱ्याचा दगड मोठा आणि शिपायाचा छोटा, असं नाही. आणि तिथं समजलं की यातले सगळेच काही गोळी लागून गेलेले नाहीत. युद्धाच्या काळात नोकरीत असताना माणूस आजारानं गेला, तरी त्याला तोच दगड.

तिथून डोक्यात किडा घुसला. सैनिकाला देशानं जागा द्यायची ती कशासाठी? मरणासाठी, की नोकरीसाठी? लढला म्हणून, की हजर होता म्हणून? आपल्याकडं बहुतेकांवर अंत्यसंस्कार गावी होतात, त्यामुळे हा जमिनीचा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही. पण एका देशानं हा प्रश्न जमीन मोजून, खड्डे खणून आणि कोर्टात भांडून सोडवायचा प्रयत्न केलाय, आणि तो अजून सुटलेला नाही. तो देश अमेरिका. आजची गोष्ट आर्लिंग्टनची.

आर्लिंग्टन म्हटलं की सिनेमातलं दृश्य डोळ्यांसमोर येतं. हिरवी टेकडी, पांढऱ्या दगडांच्या रांगा, घोड्यांच्या गाडीवरून येणारी शवपेटी. वाटतं, कुणीतरी मोठ्या सन्मानानं ही जागा निवडली असेल. तसं काही झालेलं नाही. ही दफनभूमी सुरू झाली कारण दुसरीकडं जागा संपली.

साल १८६१. अमेरिकेत यादवी पेटली, उत्तर विरुद्ध दक्षिण. राजधानी वॉशिंग्टन म्हणजे उत्तरेचं केंद्र, आणि समोर पोटोमॅक नदी ओलांडली की व्हर्जिनिया, म्हणजे दक्षिण. नदीपलीकडच्या टेकडीवर एक मोठा वाडा होता, भोवती ११०० एकर जमीन. वाडा बांधला जॉर्ज वॉशिंग्टनच्या सावत्र नातवानं. त्याची मुलगी मेरी, आणि मेरीचा नवरा रॉबर्ट ई. ली. हाच ली अमेरिकेच्या सैन्यातली नोकरी सोडून दक्षिणेकडं गेला आणि पुढे दक्षिणेचा सगळ्यात नावाजलेला सेनापती झाला. त्या टेकडीवरून राजधानीवर तोफ डागता आली असती. साहजिकच २४ मे १८६१ ला उत्तरेच्या सैन्यानं टेकडी ताब्यात घेतली.

आता गंमत बघा. वाडा ताब्यात आला, पण मालकी? त्यासाठी सरकारनं कराची वाट धरली. बंडखोर भागातल्या जमिनींवर कर लावला. या वाड्याचा कर आला ९२ डॉलर आणि ७ सेंट. मेरी लीनं आपल्या एका नातेवाइकाच्या हाती पैसे पाठवले. अधिकारी म्हणाले, मालकानं स्वतः हजर राहून भरायचे. आता मालकीणबाई शत्रूच्या मुलखात, आजारी, युद्ध चालू. येणार कशा? कर थकला, लिलाव झाला, आणि जानेवारी १८६४ मध्ये सरकारनंच ती जमीन २६,८०० डॉलरला विकत घेतली. आपल्याकडं सातबाऱ्यावरून होणारी भांडणं ज्यांनी बघितलीत त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

इकडं वॉशिंग्टन शहर म्हणजे एक भलंमोठं हॉस्पिटल झालं होतं. जखमी येत होते, पण गोळीपेक्षा जास्त माणसं आजारानं मरत होती. हगवण, टायफॉइड, गोवर, न्यूमोनिया. १८६२ मध्येच अमेरिकी संसदेनं कायदा करून राष्ट्राध्यक्षांना अधिकार दिला होता, की देशासाठी नोकरीत मेलेल्या सैनिकांसाठी जमीन घ्या आणि राष्ट्रीय दफनभूमी करा. त्याच वर्षी अशा १४ दफनभूमी झाल्या. पण राजधानीच्या आसपासच्या जागा १८६४ च्या वसंतापर्यंत भरत आल्या.

१३ मे १८६४. त्या टेकडीवर पहिला सैनिक पुरला गेला. नाव विल्यम क्रिश्चमन. पेनसिल्व्हेनियाचा विशीतला पोरगा. त्याला गोवर झाला, त्यातून गुंतागुंत वाढली आणि तो हॉस्पिटलात गेला. त्यानं एकही लढाई बघितली नव्हती. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध लष्करी दफनभूमीतला पहिला सैनिक हा असा. माझे आजोबा निदान सतरा वर्षं बूट मोजत होते, याला तेवढाही वेळ मिळाला नाही.

आणि ते खड्डे खणले कोणी? हे नाव लक्षात ठेवा, जेम्स पार्क्स. हा माणूस त्याच जमिनीवर, त्याच वाड्याचा गुलाम म्हणून जन्माला आला होता. युद्धात स्वतंत्र झाला आणि आर्लिंग्टनमध्ये कबरी खणायच्या कामाला लागला. ज्या मातीत गुलाम म्हणून राबला, त्याच मातीत तो आता त्याला मोकळं करणाऱ्या सैन्याची माणसं पुरत होता. त्याच्याकडं आपण शेवटी परत येऊ.

कामाचा प्रमुख होता मॉन्टगोमेरी मेग्स, सैन्याच्या रसद खात्याचा जनरल. बूट, घोडे, तंबू, धान्य, आणि मेलेल्यांची सोय, सगळं याच्या खात्याकडं. मेग्स लीला ओळखायचा, तरुणपणी त्याच्या हाताखाली काम केलेलं. लीनं शपथ मोडली, याचा त्याला भयंकर राग. १५ जून १८६४ ला जागा अधिकृतपणे राष्ट्रीय दफनभूमी झाली, आणि मेग्सच्या लक्षात आलं की वाड्यात राहणारे अधिकारी दाराशी कबरी नकोत म्हणून त्या लांब, कडेला खणायला लावतायत. तो चिडला. त्यानं मेरी लीच्या गुलाबाच्या बागेच्या कडेनं अधिकाऱ्यांच्या कबरी खणायला लावल्या. हेतू साधा होता, ली कुटुंबाला इथं परत राहायची इच्छाच होऊ नये. युद्धानंतर रणांगणावरून गोळा केलेल्या २१११ अनोळखी सैनिकांचे अवशेषही बागेजवळच एका मोठ्या खड्ड्यात पुरले, वर दगडी स्मारक बांधलं. मेग्सचा स्वतःचा मुलगा ऑक्टोबर १८६४ मध्ये मारला गेला. रागाला आता दुःखाची जोड मिळाली.

मंडळी, इथं मला थांबावंसं वाटतं. आपण "पवित्र भूमी" म्हणतो, पण पाया बघा. जागेची टंचाई, कराची खेळी आणि एका माणसाचा सूड. मग त्यातून सन्मान कुठून आला?

माझ्या मते तो आला कारकुनांकडून. होय, कारकुनांकडून. १८६५ ला युद्ध संपलं तेव्हा शेतात, रस्त्याकडेला, नदीकाठी घाईत पुरलेली लाखो प्रेतं होती. पुढची पाच-सहा वर्षं सैन्याच्या तुकड्या गावोगाव हिंडल्या, कबरी शोधल्या, पाटीवरची, खिशातल्या चिठ्ठीवरची नावं जुळवली, आणि जवळपास ३ लाख सैनिकांना राष्ट्रीय दफनभूमींमध्ये आणलं. त्यातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांची ओळख पटली. बाकीचे "अनोळखी". आधी लाकडी फळ्या लावल्या, एकेकीचा खर्च सव्वा डॉलरच्या आसपास, पण पाच वर्षांत कुजायच्या. नाव पुन्हा पुसलं जायचं. शेवटी १८७३ मध्ये ठरलं की दगडच लावायचे, सरकारी खर्चानं.

आणि त्याच काळात आणखी एक मोठी गोष्ट झाली, तिच्याकडं फार कमी लोकांचं लक्ष जातं. १८६२ चा कायदा होता नोकरीत असताना मेलेल्यांसाठी. १८७२ मध्ये निराधार माजी सैनिकांना त्यात जागा मिळाली, आणि १८७३ मध्ये यादवीत लढलेल्या, सन्मानानं सेवामुक्त झालेल्या उत्तरेच्या प्रत्येक सैनिकाला. म्हणजे घरी परतला, शेती केली, म्हातारा होऊन गेला, तरी जागा आहे. त्या दिवसापासून ही फक्त युद्धात मेलेल्यांची दफनभूमी राहिली नाही, ती माजी सैनिकांची झाली. हजर राहिलास, एवढं पुरे. माझ्या आजोबांसारख्यांची सोय खऱ्या अर्थानं तिथं झाली.

पण "प्रत्येक" या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. काळ्या सैनिकांना आर्लिंग्टनमध्ये जागा होती, पण वेगळी. तीच माणसं, तोच गणवेश, रांग मात्र दुसरी. हा भेद १९४८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला वंशभेद संपवायचा आदेश काढला तेव्हा गेला. तोवर दोन महायुद्धं होऊन गेली होती. त्याच जमिनीवर फ्रीडमन्स व्हिलेज नावाची एक वस्ती होती, गुलामीतून सुटून आलेल्यांची. घरं, शाळा, हॉस्पिटल सगळं होतं. १९०० पर्यंत सरकारनं ती वस्ती उठवली. आजही आर्लिंग्टनच्या सेक्शन २७ मध्ये जवळपास ३८०० अशा माणसांच्या कबरी आहेत. दगडावर हुद्दा नाही. एकच शब्द आहे, "नागरिक". ज्यांना जन्मभर कुणी नागरिक मानलं नाही, त्यांच्या कबरीवर.

आता कोर्टाची गोष्ट, कारण जमिनीचं भांडण संपलेलं नव्हतं. लीचा थोरला मुलगा कस्टिस ली कोर्टात गेला. म्हणाला, माझ्या आईनं कर पाठवला होता, तुम्ही घेतला नाही, लिलाव बेकायदा. डिसेंबर १८८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. विचार करा. हजारो सैनिक पुरलेली जमीन, आणि ती आता बंडखोर सेनापतीच्या मुलाची! कबरी उकरायच्या का? तशी वेळ आली नाही. १८८३ मध्ये सरकारनं दीड लाख डॉलर मोजून जमीन रीतसर विकत घेतली. कागद स्वीकारले त्या वेळच्या युद्धमंत्र्यानं. त्याचं नाव रॉबर्ट टॉड लिंकन. अब्राहम लिंकनचा मुलगा. लीच्या मुलाकडून लिंकनच्या मुलानं खरेदीखत घेतलं आणि विषय मिटला. हा लिंकनपुत्र आज आर्लिंग्टनमध्येच आहे.

नावाचं वेड मात्र थांबलं नाही. १९२१ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या एका अनोळखी सैनिकाला इथं पुरलं. पुढं दुसरं महायुद्ध आणि कोरिया यांचे एकेक. १९८४ मध्ये व्हिएतनामचाही अनोळखी सैनिक आला. पण काहींना शंका होती की हा अनोळखी नाहीच. १९९८ मध्ये कबर उघडली, डीएनए तपासला. तो निघाला लेफ्टनंट मायकेल ब्लासी, १९७२ मध्ये विमान पडून गेलेला वैमानिक. घरच्यांनी त्याला आपल्या गावाजवळ, सेंट लुईसच्या राष्ट्रीय दफनभूमीत नेलं. आर्लिंग्टनमधली ती जागा आता मुद्दाम रिकामी ठेवली आहे. मला ही रिकामी कबर सगळ्यात जास्त आवडते. तिचा अर्थ एवढाच की एका माणसाला त्याचं नाव परत मिळालं.

बरं, आता आजच्या काळात येऊ. नवी राष्ट्रीय दफनभूमी आज कशी होते?

१९७३ मध्ये सैन्यानं आपल्याकडच्या ८२ दफनभूमी माजी सैनिकांच्या खात्याकडं दिल्या. आर्लिंग्टन सैन्यानं स्वतःकडं ठेवली. दुसऱ्या महायुद्धातली पिढी म्हातारी होऊ लागली तसा ताण वाढला, म्हणून १९९९ आणि २००३ च्या कायद्यांनी प्रत्येकी सहा नव्या दफनभूमी करायला सांगितलं. आज त्या खात्याकडं दीडशेहून जास्त आहेत. हिशोब साधा आहे. माजी सैनिकाच्या घरापासून ७५ मैलांच्या, म्हणजे साधारण १२० किलोमीटरच्या आत जागा हवी. पुणे ते सातारा धरा, त्याहून थोडं जास्त. का? कारण विधवा म्हातारी बाई दिवसात जाऊन फुलं ठेवून परत आली पाहिजे. एवढ्या अंतरात ८० हजार माजी सैनिक राहत असतील आणि जवळ दुसरी सोय नसेल, तर तिथं नवी दफनभूमी करायचा विचार होतो.

मग जमीन शोधायची. माती कशी, पाणी किती खोलीवर, पर्यावरणाला धोका आहे का, रस्ता आहे का, हे बघायचं. कधी कुणी जमीन देतंही. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डची दफनभूमी २००९ मध्ये सुरू झाली, ती दान मिळालेल्या जमिनीवर. सगळी जागा एकदम खणत नाहीत, सुरुवातीला साधारण दहा वर्षं पुरेल एवढाच भाग तयार करतात. काँक्रीटच्या पेट्या आधीच मातीत बसवून ठेवतात, एकावर एक दोन. नवरा-बायको त्यात एकत्र. दगडाच्या पुढच्या बाजूला सैनिकाचं नाव, मागच्या बाजूला जोडीदाराचं. अस्थी ठेवायला भिंतीत कोनाडे असतात. अंत्यविधी कबरीपाशी होत नाही, एका छोट्या मांडवात वीस-तीस मिनिटांत होतो, कारण मागे दुसरं कुटुंब थांबलेलं असतं. दगडावर धर्माचं चिन्ह घ्यायचं की नाही ते कुटुंब ठरवतं. क्रूस आहे, तसा ओमही आहे, शिखांचा खंडाही आहे, बौद्धांचं चक्रही आहे. जागा, खड्डा, दगड आणि कायमची देखभाल, या सगळ्यासाठी कुटुंबाला एक पैसा पडत नाही.

इथपर्यंत छान वाटतं. पण आर्लिंग्टनकडं परत चला. तिथं ४ लाखांहून जास्त माणसं आहेत, आणि कामाच्या दिवशी रोज पंचवीस-तीस अंत्यविधी होतात. १९६३ मध्ये केनेडींना तिथं पुरल्यावर तर मागणी एवढी वाढली की १९६७ मध्ये नियम कडक करावे लागले. आता दक्षिणेला ५० एकरांच्या आसपास जमीन जोडायचं काम चालू आहे. त्यासाठी नौदलाच्या जुन्या कार्यालयाची इमारत पाडली, रस्ता वळवला, आणि साधारण ८० हजार जागा वाढणार आहेत. तरीही हे शतक संपायच्या बऱ्याच आधी जागा भरणार.

म्हणून २०१९ मध्ये सैन्यानं प्रस्ताव मांडला. आर्लिंग्टन आणखी दीडशे वर्षं चालू ठेवायची असेल, तर जमिनीत जागा फक्त काहींना. लढाईत मारले गेलेले, लढाईत जखमी झालेले, मोठी शौर्यपदकं मिळवलेले, युद्धकैदी असे. वीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्याला जमिनीऐवजी अस्थींचा कोनाडा. आणि ज्यानं लढाईच बघितली नाही आणि जो तेवढी वर्षंही टिकला नाही, त्यानं दुसरीकडं जावं. माजी सैनिकांच्या संघटना चिडल्या. त्यांचं म्हणणं असं, की लढाईवर कुणाला पाठवायचं हे सैनिक ठरवत नाही. त्याला बूट मोजायला सांगितलं तर तो बूट मोजतो.

मला दोन्ही बाजू कळतात. जमीन रबर नाही. काहीतरी नियम लागणारच. पण या चाळणीतून विल्यम क्रिश्चमनला काढून बघा. गोवर झालेला पोरगा, एकही गोळी न झाडलेला. ज्याच्या कबरीपासून ही जागा सुरू झाली, तोच आज दारात अडेल. मला वाटतं जागा कमी पडली तर देशानं नवी जागा करावी, हजर राहणाऱ्यांना कमी करू नये. अमेरिकेनं दीडशेहून अधिक वेळा तसं केलंयही. तुमचं मत वेगळं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ.

आणि जेम्स पार्क्स? तो म्हातारा होईपर्यंत आर्लिंग्टनमध्येच राबला. जुना वाडा पूर्वीसारखा उभा करायचं ठरलं, तेव्हा विहीर कुठं होती, गुलामांच्या खोल्या कुठं होत्या, हे त्यानं सांगितलं. १९२९ मध्ये तो गेला. नियमात तो बसत नव्हता, पण युद्धखात्याच्या खास परवानगीनं त्याला तिथंच पुरलं. एवढ्या चार लाखांमध्ये, त्याच जमिनीवर जन्मलेला आणि त्याच जमिनीत पुरलेला तो एकटा माणूस आहे. इतरांसाठी खड्डे खणणाऱ्यालाही जागा मिळाली. मागावी लागली, पण मिळाली.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी आईला फोन केला. आजोबांची पेन्शनची कागदपत्रं अजून ट्रंकेत आहेत. त्यात त्यांचा सर्व्हिस नंबर आहे, युनिट आहे, भरतीची तारीख आहे. मी सगळ्याचा फोटो काढून ठेवला, आणि पहिल्यांदाच वहीत त्यांचं पूर्ण नाव लिहून खाली लिहिलं, सतरा वर्षं हजर.

तुमच्या घरातही असा कुणी बूट मोजणारा असेल. ट्रंक उघडा. भेटू पुढच्या आठवड्यात.